पालकांना कळवायचं म्हणजे नेमकं काय? (पाचवी ते सातवीच्या वर्गातले अनुभव)



पालक सभा, पालक भेट, पालकांचा गट हे शब्द आपल्या रोजच्या कामातले आहेत. सभेचं इतिवृत्त लिहिलेलं असतं. सह्या आणि अंगठे घेतलेले असतात. मोबाईलवर वर्गाचा गट तयार असतो. तरीही वर्षाच्या शेवटी एखादा पालक समोर उभा राहतो आणि म्हणतो, "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." अशा वेळी आपल्याला राग येतो. मलाही आला होता. घरी जाऊन शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की तो पालक खरं बोलत होता.

आजच्या लेखात मी तोच प्रसंग आणि त्यानंतर माझ्या वर्गात केलेले बदल सांगणार आहे. तुमच्या शाळेची परिस्थिती वेगळी असेल, पण मूळ अडचण बहुतेक सारखीच असेल असं मला वाटतं.

एप्रिलमधला तो प्रश्न

माझी शाळा बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली, पहिली ते सातवीची. मी डीएड होऊन नोकरीला लागल्यापासून बहुतेक काळ वरच्याच वर्गांना शिकवते आहे. आमच्या भागाचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं असतं. दिवाळीपर्यंत गाव भरलेलं असतं. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे मार्च-एप्रिल उजाडला, की माणसं परत येतात. या काळात काही मुलं आई-वडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात, तर काही हंगामी वसतिगृहाच्या योजनेत गावातच जेवतात-राहतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. (ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम देत नाही.) तो आजीकडे राहायचा. वाचन छान, भूगोलाची आवड, पण दोन अंकी संख्येने भागायचं म्हटलं की गाडी अडायची. हे मला ऑगस्टमध्येच समजलं होतं. माझ्या नोंदवहीत मी लिहिलंही होतं, "भागाकारात अधिक सरावाची गरज." प्रगती पुस्तकातही तेच वाक्य उतरवलं. दिवाळीआधी वर्गाच्या गटावर मेसेज टाकला, "सर्व पालकांनी आपल्या पाल्याचा नियमित अभ्यास घ्यावा." माझ्या दृष्टीने काम झालं होतं.

डिसेंबरपासून तो मधून मधून गैरहजर राहू लागला. गणिताच्या तासाला तर हमखास. मी आजीला निरोप पाठवले, गटावर गैरहजर मुलांची नावं टाकली. एप्रिलमध्ये त्याचे वडील परत आले आणि प्रगती पुस्तक हातात घेऊन शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, ह्याला भागाकार येत नाही हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी म्हणाले, "पहिल्या सत्रापासून. नोंद केलेली आहे ना दादा."

"मग मला दिवाळीच्या आधी का नाही सांगितलं? मी तुमच्या भरवशावर लेकरू ठेवून गेलतो. आता पुढच्या साली संगंच नेतो त्याला. इथं राहून येतच नसेल तर तिथं निदान हाताखाली तरी येईल."

मी बरंच काही बोलले. सरावाचं वाक्य दाखवलं, मेसेज दाखवला. ते म्हणाले, "हे सगळ्यांसाठी लिवलेलं हाय. माझ्या लेकराचं कुठं हाय ह्यात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कायदा आपल्याला काय सांगतो?

आपण सगळ्यांनी शिक्षण हक्क कायदा २००९ वाचलेला आहे. पटनोंदणीच्या वेळी आपण पालकांना कलम १० सांगतो, की मुलाला शाळेत घालणं हे तुमचं कर्तव्य आहे. त्याच कायद्यात कलम २४ आपल्यासाठी आहे. शिक्षकांच्या कर्तव्यांमध्ये वेळेवर आणि नियमित येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे तर आहेच. पण त्यात आणखी एक कर्तव्य आहे: पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि मुलाबद्दलची इतर आवश्यक माहिती देणं.

यात 'मुलाबद्दलची' हा शब्द महत्त्वाचा आहे. शाळेबद्दलची माहिती आपण भरपूर देतो. मुलाबद्दलची किती देतो, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत पाहावं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आलं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी याच कारणासाठी आहेत, की मूल कुठे आहे ते कळावं. पण होतं काय, की नोंदी आपण वहीसाठी लिहितो. "प्रगती समाधानकारक", "सरावाची गरज", "प्रयत्नशील आहे" ही वाक्यं साहेबांना समजतात, आपल्याला समजतात. पालकाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. "सरावाची गरज" म्हणजे बरं की वाईट, किती वाईट आणि आता करायचं काय, हे कुठेच नसतं.

पाचवी ते सातवीलाच हे जास्त का लागतं?

पहिली-दुसरीच्या पालकाला मुलाची प्रगती घरबसल्या दिसते. मूल पाटीवर अक्षर काढतं, दुकानाच्या पाट्या वाचतं, नोटा मोजतं. आई शिकलेली नसली तरी तिला कळतं, की लेकरू शिकतंय.

पाचवीपासून हे दिसणं बंद होतं. छेद समान करणं, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, अक्षांश-रेखांश, इंग्रजीतला परिच्छेद या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत. मूलही अकरा-बारा वर्षांचं झालेलं असतं. "आज काय शिकवलं?" असं विचारलं की "काही नाही" असं उत्तर देतं. पालकाला वाटतं, आता हे आपल्या हाताबाहेर आहे, मॅडम बघून घेतील. नेमक्या याच वयात मुलं मागे पडू लागतात, आणि आमच्या भागात तर याच वयापासून मूल कामाला येऊ शकतं. म्हणजे शाळेत काही जमत नाही आणि बाहेर काम तयार आहे, अशी स्थिती असते.

पाचवीबद्दल आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार आपल्या राज्यातही आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल अनुत्तीर्ण झालं तर त्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तरीही जमलं नाही तर ते त्याच वर्गात राहू शकतं. हे पालकाला परीक्षा झाल्यावर कळून काय उपयोग? जो पालक दिवाळीनंतर गावात नसतो, त्याला हे ऑक्टोबरमध्येच माहीत पाहिजे.

आपण काय पाठवतो, एकदा मोजून बघा

त्या एप्रिलनंतर सुट्टीत मी एक काम केलं. वर्गाच्या गटावर मी वर्षभरात टाकलेले मेसेज वाचून काढले आणि वहीत तीन रकाने केले. पहिला रकाना सूचनांचा: उद्या सुट्टी आहे, आधार कार्ड आणा, बँक पासबुकची झेरॉक्स आणा, गणवेश घालून पाठवा. दुसरा रकाना फोटोंचा: झेंडावंदन, वृक्षारोपण, पाहुण्यांचा सत्कार. तिसरा रकाना शिकण्याचा: या आठवड्यात वर्गात काय चाललंय, मुलाला काय यायला लागलं, कुठे अडतंय.

पहिले दोन रकाने पानभर झाले. तिसरा जवळपास रिकामा होता. त्यात होते ते फक्त "अभ्यास घ्या" असे मेसेज. तुम्हीही हे करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण डोळे उघडतात.

त्यानंतर मी काही बदल केले. सगळे एकदम नाही, हळूहळू. ते क्रमाने सांगते.

१) आधी 'पालक' कोण ते शोधा

जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव असतं. पण रोज मुलाला उठवणारं, दप्तर भरायला लावणारं माणूस कोण? जूनमध्ये मी प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार गोष्टी लिहून घेते: घरात मुलाकडे कोण बघतं, फोन कोणाकडे असतो, त्या माणसाला वाचता येतं का, आणि बोलायला सोयीची वेळ कोणती. दिवाळीनंतर ही यादी पुन्हा करावी लागते, कारण अर्ध्या घरांत माणसं बदललेली असतात.

या यादीतून मला कळलं, की वर्गातल्या बऱ्याच मुलांचा खरा पालक आजी आहे. तिच्याकडे फोन नाही, आणि असला तरी गटावरचा लांबलचक मेसेज तिला वाचता येत नाही. म्हणजे मी जे वर्षभर 'कळवलं' ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. आता वस्तीवरच्या आजींसाठी मी महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर जाते. दहा मिनिटं पुरतात.

२) महिन्याचं एक पान

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी एक पान काढते. फळ्यावर लिहिते आणि मुलं ते आपापल्या वहीत उतरवून घेतात. झेरॉक्सचा खर्च नाही आणि शुद्धलेखनही होतं. मुलाने ते घरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. सहावीचा एक नमुना देते:

"आई-बाबा, आजी-आजोबा, नमस्कार.
या महिन्यात आम्ही गणितात शेकडेवारी शिकणार आहोत. शंभरातले किती, हे काढायला शिकू. दुकानातली सूट, परीक्षेचे गुण, बियाण्याची उगवण यात ती लागते.
विज्ञानात आपण खातो त्या अन्नात काय काय असतं ते शिकू. त्यासाठी घरात कोणत्या डाळी आहेत, ते मला विचारून लिहायचं आहे.
२० तारखेला वर्गात आमचं वाचन होईल. प्रत्येकजण एक गोष्ट वाचणार आहे. तुम्ही ऐकायला या.
मला एवढं विचारा: शंभर बिया पेरल्या आणि ८५ उगवल्या, तर किती टक्के उगवल्या?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. "अभ्यास घ्या" म्हटलं तर न शिकलेला पालक काहीच करू शकत नाही. पण एक प्रश्न हातात दिला तर तो विचारू शकतो. उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळलं नाही तरी चालतं. मूल अडखळतंय की धडाधड सांगतंय, हे तर त्याला कळतंच.

३) दूर असलेल्यांना आवाजी निरोप

उसाच्या फडावर असलेला माणूस पहाटे अंधारात निघतो आणि रात्री कोपीवर येतो. दिवसा फोन उचलत नाही, आणि उचलला तरी बोलायला सवड नसते. म्हणून मी संध्याकाळी घरून आवाजी निरोप पाठवते. पाऊण मिनिटाचा, त्यापेक्षा मोठा नाही. वाचता येत नसेल तरी ऐकता येतो, दोघांनी मिळून ऐकता येतो, आणि आईला लेकराचं नाव मॅडमच्या तोंडून ऐकायला मिळतं. निरोप साधारण असा असतो:

"रामराम दादा, ताई. मी शाळेतून मॅडम बोलतेय. तुमची पोरगी चांगली आहे, जेवण वेळेवर करते. या महिन्यात ती एकही दिवस चुकली नाही. मराठीत तिने स्वतःच्या मनाने पानभर निबंध लिहिला. गणितात अपूर्णांकांची बेरीज अजून चुकते. मी रोज मधल्या सुट्टीत तिला दोन उदाहरणं देते. तुमचा फोन झाला की तिला एवढंच विचारा, अर्धा आणि पाव मिळून किती? आणि उत्तर आलं की शाबासकी द्या."

प्रत्येक मुलाला महिन्यातून एक असा निरोप. बाहेरगावी गेलेल्या पालकांची संख्या दहा-पंधरा असेल तर आठवड्याला तीन-चार निरोप होतात. हे वेळेच्या बाहेरचं काम नाही का, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण एप्रिलमधल्या एका भांडणापेक्षा कमी वेळ लागतो.

४) अडचण सांगताना चार वाक्यं

एखादं मूल मागे आहे हे सांगणं अवघड असतं. आपण एकतर गुळगुळीत बोलतो, नाहीतर एकदम "याचं काही खरं नाही" म्हणून मोकळे होतो. पहिल्याने पालकाला काही कळत नाही, दुसऱ्याने मुलाला मार बसतो. मी आता चार वाक्यांचा क्रम ठेवला आहे.

पहिलं, काय येतं: "त्याला एक अंकी भागाकार बरोबर येतो."
दुसरं, नेमकं कुठे अडतं: "दोन अंकी संख्येने भागताना पहिला अंक कितीने धरायचा हे त्याला उमगत नाही."
तिसरं, शाळेत मी काय करतेय: "मी त्याला बारा ते वीसचे पाढे लिहून समोर ठेवायला दिलेत आणि रोज दोन उदाहरणं करून घेते."
चौथं, घरी काय करायचं: "झोपण्याआधी त्याच्याकडून एक पाढा म्हणून घ्या. चुकला तर रागवू नका, पुन्हा म्हणायला लावा."

हे बोलणं मुलासमोर होतं, त्याच्या पाठीमागे नाही. शक्य असेल तर दुसरं वाक्य मी मुलालाच सांगायला लावते. आपली अडचण त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आली, की अर्धं काम होतं.

५) आधी चांगली बातमी

शाळेतून निरोप आला म्हणजे लेकराने काहीतरी केलं असणार, असंच आपल्या गावांत समजतात. एका आईने मला सांगितलं होतं, "मॅडम, शाळेतून बोलावणं आलं की माझ्या पोटात गोळा येतो." म्हणून जून-जुलैमध्येच प्रत्येक घरी एक चांगली गोष्ट कळवायची असं मी ठरवलं आहे. ती खरी पाहिजे. "हुशार आहे" असं मोघम सांगून उपयोग नाही. "काल कबड्डीत पडलेल्या मुलाला त्याने उचलून आणलं", "नकाशात आपला जिल्हा तिने सगळ्यात आधी दाखवला" असं काहीतरी. पहिला निरोप चांगला गेला असेल तर नंतरचा अवघड निरोपही माणसं नीट ऐकतात.

६) कार्यक्रम कळवताना शिकणंही कळवा

आपल्याकडे कार्यक्रम खूप असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, शिवाय बालआनंद मेळावा, क्षेत्रभेट. पालकांना आपण तारीख कळवतो आणि नंतर फोटो पाठवतो. त्यामुळे "शाळेत नुसते कार्यक्रमच चालतात" असं ऐकावं लागतं.

बालआनंद मेळाव्याचं उदाहरण घ्या. मुलं भेळ, भजी, बोरं-चिंचा विकतात. पालक येतात, खातात, जातात. मागच्या वेळी आम्ही निरोपात लिहिलं, "तुमच्या मुलाने किती रुपयांचं सामान आणलं आणि किती रुपयांची विक्री झाली, ते त्याला दुकानावरच विचारा. नफा झाला की तोटा, हे त्याने कागदावर मांडून दाखवायचं आहे." सहावीला नफा-तोटा हा पाठच आहे. त्या दिवशी एका आजोबांनी नातवाला विचारलं, "तेल घरून आणलं ते धरलं का खर्चात?" नातवाने धरलं नव्हतं. हिशोब पुन्हा झाला आणि नफ्याचा तोटा निघाला! ते आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, पण खर्च धरण्यातली ती चूक माझ्याही नजरेतून सुटली होती.

७) माहिती दोन्ही बाजूंनी यावी

आता त्या मुलाकडे परत येते. जूनमध्ये तो सातवीत आला, वर्गाबरोबर मीही सातवीला गेले. मी त्याच्या घरी गेले आणि वडिलांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. माझ्याकडून उशीर झाला हेही कबूल केलं. ते फार काही बोलले नाहीत. चहा दिला.

दिवाळीपर्यंत भागाकार थोडा सुधारला होता, पण भीती गेली नव्हती. जायच्या आधी वडील शाळेत येऊन म्हणाले, "ठेवून जातो. पण मला कळत राहिलं पाहिजे."

मी म्हणाले, "दादा, मी कळवते. पण तुम्हीही एक कळवा. काट्यावरच्या पावतीवर तुमच्या गाडीचं वजन येतं ना? ते दिवसाआड त्याला फोनवर सांगा."

सुरुवातीला त्यांना हे विचित्र वाटलं. मग सांगू लागले. "आज पावणेदोन टन." "आज सव्वादोन." मुलगा वहीत लिहायचा, पावणेदोन म्हणजे १.७५, सव्वादोन म्हणजे २.२५. पंधरा दिवसांचे मिळून २७ टन झाले. रोजचे सरासरी किती? २७ ला १५ ने भागायचं. दोन अंकी भागाकार, दशांशासकट. उत्तर आलं १.८. त्याने ते रात्री वडिलांना सांगितलं. वडिलांनी विचारलं, "म्हणजे पावणेदोनपेक्षा थोडं जादा, असंच ना?" त्यांचं गणित तोंडी होतं आणि पक्कं होतं.

पुढे टनाचा दर आणि घेतलेली उचल यांचा हिशोबही त्या वहीत आला. उचल फिटायला अजून किती टन लागतील, हा प्रश्न त्यानेच काढला. पाठ्यपुस्तकातलं एखादं उदाहरण तो टाळायचा, पण हा हिशोब त्याने कधी टाळला नाही. गणिताच्या तासाची गैरहजेरी थांबली. मार्चमध्ये वडील आले तेव्हा आधी शाळेत आले नाहीत. घरी वही बघितली, मग आले.

या वेळी घ्यायची काळजी

काही चुका मी केल्या आहेत, म्हणून सांगते.

• गटावर गुण, श्रेणी किंवा गैरहजर मुलांची नावं टाकू नका. एकाचं कळवताना सगळ्या गावाला कळतं. वैयक्तिक गोष्ट वैयक्तिकच सांगा.
• मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा. मुलींच्या बाबतीत तर नक्कीच.
• उचल, कर्ज, घरातलं भांडण अशी माहिती आपल्यापर्यंत येते. ती वहीबाहेर जाऊ देऊ नका. वरचा हिशोब त्या मुलाने आणि वडिलांनी स्वतःहून मांडला, मी तो वर्गात वाचून दाखवला नाही.
• निरोपाची भाषा आपल्या बोलण्यातली ठेवा. 'पाल्य', 'अध्ययन निष्पत्ती', 'संपादणूक' हे शब्द नोंदवहीत राहू द्या.
• पालकाने उत्तर दिलं नाही तर त्याला काळजी नाही असं समजू नका. माझ्या निरोपांना कित्येकदा काहीच उत्तर यायचं नाही. नंतर कळायचं, की तो तीन-तीनदा ऐकला होता.
• शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बांधकाम आणि अनुदानाबरोबर "या सत्रात पाचवी ते सातवीची मुलं काय शिकली" हा एक विषय बैठकीत ठेवा. पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. तिसऱ्या बैठकीला प्रश्न येतात.

सगळं जमतं असं नाही

हे केलं म्हणजे स्थलांतर थांबतं, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर गेली. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला घरचं कुणी नव्हतं. तिच्या घरी मी सगळं सांगितलं होतं, त्यांना सगळं कळलंही होतं. तरी ती गेली. तिच्या आईने जाताना विचारलं, "मॅडम, तिथं तिला काय करायला सांगू?" मी पाढ्यांचं पान, मराठीचं पुस्तक आणि एक कोरी वही दिली. आठवड्याला एक निरोप पाठवत राहिले. ती मार्चमध्ये परत आली तेव्हा वहीची अकरा पानं भरलेली होती. अकराच. पण तिच्या आईला माहीत होतं, की लेक कुठवर आली आहे आणि कुठून पुढे जायचं आहे. आम्ही तिथूनच सुरुवात केली.

मित्रांनो, सभा, इतिवृत्त, सह्या हे सगळं करावं लागतं आणि आपण ते करतोच. त्याबरोबर या आठवड्यात एवढंच करून बघा. वर्गातलं असं एक मूल निवडा, ज्याची अडचण तुमच्या नोंदवहीत आहे पण त्याच्या घरी माहीत नाही. त्याच्या घरात त्याच्याकडे कोण बघतं ते शोधा, आणि काय येतं, कुठे अडतं, शाळेत काय चाललंय, घरी काय करायचं ही चार वाक्यं त्या माणसाला सांगा. सत्र संपायची वाट बघू नका.